घराचं कवच : ऊन बाहेर, पाणी बाहेर



बचत गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी येते तेव्हा शेळी, शिलाई मशीन, मुलांची फी यांच्या जोडीला एक कारण हमखास असतं, ते म्हणजे घर. कुणाचा स्लॅब गळतो, कुणाच्या भिंतीला ओल येते, कुणाला पत्रा बदलायचा असतो. घरकुलाचा हप्ता आला तरी तो पुरत नाही, मग गटाकडून उचल होते. म्हणजे आपल्या बचतीतला मोठा पैसा विटा-सिमेंटमध्ये जातो. तो पैसा टिकतो का, आणि त्या घरात मे महिन्याच्या दुपारी माणसाला बसवतं का, हे दोन प्रश्न आम्ही आजच्या भागात घेतले आहेत.

छप्पर, भिंती, जोतं, दारं आणि खिडक्या या सगळ्यांना मिळून आपण घराचं कवच म्हणू. इंजिनिअर लोकही घराकडे असंच बघतात. कवचाला दोन कामं असतात. पहिलं, पाणी आत येऊ द्यायचं नाही. दुसरं, नको ती उष्णता आत येऊ द्यायची नाही. पहिलं काम चुकलं तर घर लवकर खराब होतं. दुसरं चुकलं तर घर उभं राहतं, पण आतली माणसं भाजून निघतात. घरात दिवसभर कोण असतं? चुलीपाशी आपण, पाळण्यातलं बाळ आणि खाटेवरची म्हातारी माणसं. त्यामुळे हा विषय फक्त गवंड्याचा नाही, आपलाही आहे.

जुनं घर गार का होतं आणि ते का पडलं

मराठवाड्यातल्या आपल्या मैत्रिणींना माळवदाचं घर सांगायला नको. दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती दुपारचं ऊन पिऊन घ्यायची. ते आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची, आणि रात्री गार वारा सुटला की माती पुन्हा निवायची. म्हणून बाहेर चटके बसत असताना आत गारवा असायचा.

पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. तिथल्या पुष्कळशा भिंतींत आतला दगड वेगळा आणि बाहेरचा वेगळा रचलेला होता, मध्ये दगडगोटे आणि माती भरलेली होती. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड नव्हते. हादरा बसताच भिंती उकलल्या, आणि दगड आणि माळवदाचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं.

त्यानंतर लोकांच्या मनात दगड-मातीची धास्ती बसली, आणि ती साहजिकच होती. पत्रा आला, स्लॅब आला. वरचं मातीचं ओझं गेलं, पण त्याबरोबर गारवाही गेला. आजचा आपला प्रश्न इथूनच सुरू होतो. ओझं न वाढवता गारवा परत कसा आणायचा?

एक गोष्ट इथे आवर्जून सांगतो. भूकंपानंतर घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीच्या कामात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून जबाबदारी दिली गेली होती. भिंतीला आरपार दगड कसा घालायचा, छपरावरची माती का कमी करायची, खिडकीच्या वर काँक्रीटचा पट्टा घरभर सलग का हवा, हे त्या शेजारणींना समजावून सांगत होत्या. म्हणजे बांधकामातलं बायकांना काय कळतं, या प्रश्नाचं उत्तर आपल्याच भागात तीस वर्षांपूर्वी मिळालेलं आहे.

उष्णता सगळ्यात जास्त कुठून येते

मे महिन्यात महाराष्ट्रावर सूर्य जवळजवळ डोक्यावरून जातो. त्यामुळे ऊन सगळ्यात जास्त पडतं ते छपरावर. त्याच्या खालोखाल तापते पश्चिमेची भिंत, कारण दुपारनंतरचं तिरपं ऊन ती थेट अंगावर घेते. बैठ्या घरात पैसे थोडे असतील तर आधी छप्पर, मग पश्चिमेची भिंत आणि मग बाकीचं, असा क्रम धरावा.

स्लॅब रात्री जास्त त्रास देतो याचं कारण असं. काँक्रीट दिवसभर तापतं आणि ती उष्णता हळूहळू आत सोडतं. रात्री आठ वाजता स्टुलावर चढून छताला हात लावून बघा, चांगलं गरम लागेल. अशा वेळी पंखा लावला की तो छताखालची गरम हवाच खाली ढकलतो. पंखा हवा गार करत नाही. तो फक्त घाम वाळवतो, म्हणून आपल्याला बरं वाटतं. पत्र्याचं वेगळं आहे. तो पातळ, म्हणून ऊन पडलं की लगेच तापतो आणि सूर्य मावळला की लगेच निवतो. पण दुपारी त्याच्याखाली बसणं म्हणजे तव्याखाली बसणं.

छपरातून किती उष्णता येते हे मोजता येतं. एक चौरस मीटर छप्पर घ्यायचं, बाहेर आणि आत एका अंशाचा फरक असताना त्यातून किती वॅट उष्णता आत येते ते बघायचं. नुसत्या स्लॅबला हा आकडा साधारण साडेतीन असतो. केंद्र सरकारने २०१८ साली नव्या निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ काढली, तिच्यात छपरासाठी हा आकडा १.२ पेक्षा जास्त नसावा असं म्हटलं आहे. ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी आहे, आपल्या घरकुलावर तिचं बंधन नाही. पण हिशेब आपल्यालाही लागू पडतो. घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. बाहेर-आत दहा अंशांचा फरक धरला तर नुसत्या स्लॅबमधून २५ गुणिले साडेतीन गुणिले १०, म्हणजे ८७५ वॅट उष्णता आत येईल. कपड्यांची एक इस्त्री घरात सतत तापत ठेवल्यासारखंच हे आहे. आकडा १.२ असेल तर तेवढ्याच छपरातून ३०० वॅट येतील.

ओझं न वाढवता गारवा

उष्णता अडवायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ऊन छपरावरूनच परतवून लावायचं, आणि दुसरा म्हणजे छप्पर आणि आपण यांच्यामध्ये आडोसा घालायचा.

ऊन परतवायला पांढरा रंग लागतो. काळपट, जुना स्लॅब पडलेल्या उन्हातला थोडाच भाग परत पाठवतो आणि बाकीचं ऊन पिऊन घेतो. स्वच्छ पांढरा पृष्ठभाग पुष्कळसं ऊन परत पाठवतो. आपण उन्हात काळी साडी टाळून फिकी नेसतो, तीच गोष्ट छपराची. अहमदाबादच्या वस्त्यांमध्ये बायकांच्या संघटनांनी घरोघरी छपरं पांढरी करण्याचं काम केलं. तेलंगण राज्याने तर २०२३ साली यासाठी ‘कूल रूफ’ धोरणच आणलं. चांगला पांढरा थर दिल्यावर घरातलं तापमान साधारण दोन ते पाच अंशांनी उतरतं. छत आधी किती तापत होतं यावर हे अवलंबून आहे.

सगळ्यात स्वस्त उपाय आपल्या ओळखीचाच आहे, तो म्हणजे चुना. स्लॅब झाडून, धुऊन घ्यायचा आणि भेगा आधी बुजवायच्या. चुना भिजवून गाळून घ्यायचा, तो धरून राहावा म्हणून सुतार वापरतात तो पांढरा गोंद त्यात मिसळायचा आणि दोन-तीन हात द्यायचे. एक हात वाळल्यावरच दुसरा द्यायचा. चुनकळी भिजवताना जपून राहा. चुना पाण्यात थोडा थोडा टाकायचा, चुन्यावर एकदम पाणी ओतायचं नाही. तो उकळतो, उडतो आणि डोळ्याला कायमची इजा करू शकतो. मुलांना लांब ठेवा. चुन्याचा थर पावसाळ्यात उतरतो, म्हणून दरवर्षी होळीच्या सुमारास हे काम करायला हवं. जास्त टिकणारं हवं असेल तर उन्हासाठीचा खास पांढरा रंग मिळतो. त्याहून टिकाऊ म्हणजे पांढऱ्या फुटक्या फरशीचे तुकडे बसवून केलेला चायना मोझॅक. त्याचा खर्च जास्त आहे, पण ऊन आणि पाणी दोन्ही अडतात.

पत्र्यावर चुना धरत नाही, पोपडे निघतात. तिथे आधी पत्र्याचा प्रायमर आणि त्यावर पांढरा रंग द्यावा. पत्र्याखाली आडोसाही हवा. बांबूच्या तट्ट्या किंवा इतर हलकं छत पत्र्यापासून वीतभर खाली बांधायचं, आणि मधली गरम हवा निघून जावी म्हणून दोन्ही टोकांना झरोके ठेवायचे. चुलीच्या वर मात्र तट्ट्या बांधू नका, ठिणगीची भीती आहे. घरावर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते घासू, कापू किंवा फोडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

काही जणी विचारतात, स्लॅबवर मातीच टाकली तर? ते करू नका. ओल्या मातीचं वजन फार असतं आणि आपला स्लॅब ते धरून केलेला नसतो. किल्लारीचा धडा विसरायला नको.

पश्चिमेच्या भिंतीला छज्जा पुरत नाही, कारण तिथलं ऊन तिरपं येतं. तिथे पडवी काढावी, नाहीतर भिंतीपासून हातभर लांब मांडव घालून दोडका, वाल, दुधी चढवावा. वेल थेट भिंतीवर चढवू नये, ओल धरते. नवं घर बांधत असाल तर विटा उभ्या कडेवर रचून मध्ये पोकळी ठेवण्याची एक रीत आहे, तिला ‘रॅट ट्रॅप बाँड’ म्हणतात. केरळमध्ये लॉरी बेकर यांनी ती पुष्कळ वापरली. तिच्यात सुमारे पाव विटा वाचतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. मात्र विटा सरळ, एकसारख्या हव्यात आणि गवंड्याला ही रीत यायला हवी.

खिडकी कधी उघडायची

सगळ्या मुलखाला एकच नियम लागत नाही. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्याच्या दुपारी बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा गरम असते. तेव्हा भरदुपारी खिडक्या लावून घ्याव्यात आणि संध्याकाळी, रात्री, पहाटे उघडाव्यात. कोकणात हवा दमट, घाम वाळत नाही, म्हणून तिथे दिवसरात्र वारा खेळता हवा. कौलांचं उतरतं छप्पर, पुढे आलेल्या पागोळ्या आणि पडवी ही कोकणची रीत उगाच पडलेली नाही. जांभ्याचा चिरा पाणी ओढतो, त्याला पावसापासून झाकावंच लागतं.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. एकाच भिंतीला खिडकी असेल तर वारा आत येऊन अडकतो. समोरासमोर दोन खिडक्या हव्यात आणि स्वयंपाकघरात छताजवळ झरोका हवा, कारण धूर आणि गरम हवा वर जातात. रात्री खिडकी उघडी ठेवायची भीती वाटत असेल तर आधी जाळी बसवा. गज-जाळीशिवायची खिडकी बायका रात्री उघडत नाहीत हे घराचा नकाशा काढणाऱ्याला सुचत नाही, ते आपणच सांगायला हवं.

घर पाण्यानं खचतं

स्लॅबमधल्या सळईला पाणी लागलं की ती गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, सळई फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. छताचे पोपडे पडून सळया उघड्या दिसतात त्या यामुळे. म्हणून स्लॅब भरताना सळई सेंटरिंगला टेकता कामा नये. खाली पाऊण इंचाचे, म्हणजे २० मिलिमीटरचे, कव्हर ब्लॉक हवेत. ही दोन-चारशे रुपयांची वस्तू पुष्कळ ठिकाणी विसरली जाते, आणि स्लॅबचं आयुष्य तिच्यावर अवलंबून असतं.

दुसरी गोष्ट मालातल्या पाण्याची. माल पातळ असला की कामगारांना पसरायला सोपा जातो, पण जास्तीचं पाणी सुकल्यावर आत बारीक छिद्रं राहतात. ५० किलोच्या एका पोत्याला साधारण २५ ते २७ लिटर पाणी, वाळूतली ओल धरून, एवढंच पुरे. पाणी पिण्यासारखं हवं. खाऱ्या बोअरच्या पाण्यानं सळई लवकर गंजते.

तिसरी गोष्ट पाणी मारण्याची, आणि हे काम बहुतेक घरांत आपल्याच डोक्यावर असतं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी मिळून घट्ट होतं. म्हणून साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि आता सर्रास मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटला किमान १० दिवस ओल हवी. कडक उन्हाळ्यात त्याहून तीन-चार दिवस जास्त. हंड्यानं पाणी आणणाऱ्या बाईला हे किती जड आहे ते आम्ही जाणतो. म्हणून स्लॅबवर मातीचे किंवा मालाचे छोटे बांध घालून पाणी साठवा, भिंतींवर आणि कॉलमवर गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवा. पाणी कमी लागतं आणि ओल टिकते. शक्य असेल तर बांधकाम भर उन्हाळ्यात काढूच नका.

स्लॅबला उतार हवा, आठ फुटांना इंचभर पुरतो. स्लॅब आणि कठडा मिळतात त्या कोपऱ्यात मालाचा गोलसर वाटा हवा, कारण गळती बहुतेक तिथूनच सुरू होते. छज्जाच्या खालच्या कडेला बोटभर खाच ठेवली की पाणी तिथेच तुटून खाली पडतं, भिंतीवर ओघळत नाही. जोतं जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावं आणि जोत्यावर ओल अडवणारा काँक्रीटचा थर हवा. नाहीतर जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं, लोणा लागतो आणि कितीही रंग दिला तरी पोपडे निघतात.

मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करायची चाल पडली आहे, तीही टाळावी. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटनं तिचं तोंड बंद झालं की ओल आतच कोंडते, गिलावा फुगतो आणि मातीसकट सुटतो. अशा भिंतीला माती-भुशाचा किंवा चुन्याचाच गिलावा बरा.

ओल नेमकी कुठून येते हे बघायची साधी युक्ती आहे. ओल्या जागी दीड-दोन फूट प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि एक दिवस ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येते. वरच्या बाजूला दिसलं तर घरातली वाफ तिथे निवते आहे, तिथे रंगापेक्षा झरोक्याची गरज आहे.

गवंड्याला काय विचारायचं

प्रधानमंत्री आवास योजनेतून ग्रामीण भागात सपाट मुलखासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात, आणि घर बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर करण्यावर भर आहे. या योजनेत ठेकेदार नेमायचा नसतो, घर लाभार्थ्यानं स्वतः उभं करायचं असतं. म्हणजे कागदावर नाव आपलं असेल तर काम बघण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा हक्कही आपला आहे. गवंडीदादांशी भांडायचं नाही. त्यांच्या हातातलं कसब मोठं असतं. पण हे सहा प्रश्न काम सुरू होण्याआधी विचारावेत :

१. जोतं किती उंच आणि ओल अडवणारा थर कधी घालणार?
२. सळईखाली कव्हर ब्लॉक आणले का?
३. एका पोत्याला पाणी किती घालणार?
४. खिडकीच्या वरचा काँक्रीटचा पट्टा घरभर सलग आहे ना?
५. स्लॅबचा उतार कोणत्या बाजूला आणि पन्हळ कुठे?
६. समोरासमोर खिडक्या आणि स्वयंपाकघरात झरोका कुठे ठेवणार?

आता खर्चाचं एक उदाहरण. आपला नेहमीचा पंखा सुमारे ७५ वॅटचा असतो. तो रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट वीज जाते. कमी विजेवर चालणारा नवा बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅटचा असतो, त्याला ११ युनिट लागतात. छत पांढरं केलं आणि पंखा बदलला तर कूलरचा विचार पुढे ढकलता येतो. पण आधी छत, मग पंखा. तापलेल्या छताखाली महागडा पंखाही गरम हवाच फिरवणार.

या महिन्याच्या गटाच्या बैठकीसाठी एक काम सुचवतो. गटातल्या दोन शेजारशेजारच्या, सारख्या स्लॅबच्या घरांपैकी एकाचं छत चुन्यानं पांढरं करा, दुसरं तसंच ठेवा. साधा खोलीचा थर्मामीटर विकत घ्या. आठ दिवस दुपारी तीन वाजता आणि रात्री आठ वाजता दोन्ही घरांत, जमिनीपासून सारख्या उंचीवर आकडा बघून गटाच्या वहीत लिहा. कुणाच्या सांगण्यावरून पैसे खर्च करण्यापेक्षा आपल्या वहीतल्या आकड्यांवरून ठरवणं केव्हाही चांगलं. फरक दिसला तर पुढच्या वर्षी होळीच्या आधी सगळ्या गटानं मिळून चुना एकदम आणावा. स्वस्त पडेल, आणि एकमेकींच्या छपरावर हातभार लावून एका दिवसात दोन-तीन घरं होतील. आकडे आम्हाला जरूर कळवा, ते आपण पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवू.